चिमट्याची जागा

एमिल हावर्ला एप्रिलमध्ये गेले. मे महिन्यात त्यांची मुलगी रेजिना हिने त्यांचे कोट गरजूंसाठी चर्चच्या तळघरात नेऊन दिले, जूनमध्ये त्यांची गाडी आतेभावाला दिली, आणि जुलैच्या एका संध्याकाळी ती ओटिस ग्रीनलींच्या ओसरीवर उभी राहून म्हणाली, की बाबांची जागा मला द्या.

ओटिस मक्याची कणसं सोलत बसले होते. सत्तरीचे गृहस्थ, अग्निशमन दलातून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले, एमिलबरोबर एकतीस वर्षं मैदानाच्या एकाच कडेला उभे राहिलेले. त्यांनी हातातलं कणीस पूर्ण सोललं, बोटांना चिकटलेले केस झटकले आणि म्हणाले, की अशा जागा बापाकडून लेकीकडे जात नसतात. मग दुसरं कणीस उचललं. रेजिना तिथेच उभी राहिली. वर्गात पोरं उत्तर देईपर्यंत थांबायची तिला सवय होती.

पोर्ट अलेन शहरात ही जागा कुठली हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चेंडू हातात घेऊन धावायच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेले, तर पुन्हा नवे चार प्रयत्न. नाही गेले, तर चेंडू समोरच्यांचा. ते दहा यार्ड मोजायला दोन उंच काठ्या असतात आणि त्यांच्या मधे बरोबर दहा यार्ड लांबीची साखळी. मागची काठी सुरुवात झाली तिथे, पुढची पोचायचं तिथे. साखळी वाटेत मैदानावरच्या एखाद्या आखीव रेघेवरून जाते, नेमक्या त्या ठिकाणी तिला एक चिमटा लावून ठेवायचा. चेंडू पोचला की नाही असा प्रश्न आला की पंच तो चिमटा हातात धरून साखळी मैदानात नेतात, चिमटा त्याच रेघेवर टेकवतात आणि साखळी ताणतात. काठ्या उचलल्या म्हणजे त्यांची जागा गेली; साखळीला आपली जागा सांगतो तो फक्त चिमटा. एमिल आठवडाभर टपाल वाटायचे आणि रविवारी चिमटा लावायचे.

रेजिना शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि गेली नऊ वर्षं शुक्रवारी पोरांच्या सामन्यांत साखळी धरायची. हे ओटिसना ठाऊक होतं. शिकवलं एमिलनेच होतं, हेही ठाऊक होतं. चौथं कणीस सोलून झाल्यावर ते म्हणाले, "एक सीझन. डिसेंबरअखेर मी ठरवीन. आणि पोरी, तिथे टाळी वाजवायची नाही, आपली टीम असली तरी डॉकर्सचा रंग अंगावर घालायचा नाही, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. आनंद झाला, दुःख झालं, सगळं बुटाच्या आत ठेवायचं."

"बाबा ठेवायचेच," रेजिना म्हणाली.

"तुझ्या बाबाचे बूट मोठे होते."

तिला ती जागा का हवी होती, हे तिने ओटिसना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. घरात वडील कुठेही असू शकत होते, जिन्यात, तळघरात, खिडकीपाशी, आणि म्हणून कुठेच नव्हते. मैदानाच्या कडेला ते नेमके कुठे उभे राहायचे हे मात्र तिला ठाऊक होतं.

*

हा खेळ रेजिनाने जन्मभर पाहिला होता. टीव्हीवर, वरच्या बाकांवरून, आजोबांच्या मांडीवरून. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तिने तो सहा फुटांवरून पाहिला, आणि आपण तो कधी पाहिलाच नव्हता असं तिला वाटलं.

पहिली गोष्ट म्हणजे जमीन हलत होती. तीनशे पौंडांची दहा-बारा माणसं एकाच क्षणी पुढे झेपावली की बुटांच्या तळव्यातून ते पोटरीपर्यंत यायचं. मग आवाज. ओल्या वाळूच्या गोणी एकमेकींवर आदळाव्यात तसा जाड आवाज आणि त्याच्या आत लाकूड पिचल्यासारखा दुसरा, बारीक, तो खांद्यांवरच्या कवचांचा. वर बसलेल्या सत्तर हजार माणसांना यातलं काही ऐकू जात नाही. ती स्वतःच इतकी ओरडत असतात. आणि या सगळ्यानंतर ढिगाऱ्यातून माणसं एकेक करून उठायची, चिखल झटकायची, आणि चालत पुन्हा आपापल्या जागी जायची. पहिल्या वेळी रेजिनाला वाटलं, आता कुणीतरी येईल आणि हे थांबवेल. कुणी आलं नाही. अर्ध्या मिनिटाने त्यांनी तेच पुन्हा केलं.

त्या दिवशी तिने आणखी एक ऐकलं. दोन्हीकडचे दोघे धिप्पाड खेळाडू समोरासमोर वाकून, बोटं जमिनीला टेकवून सज्ज होते. त्यांच्यातला एक हळूच म्हणाला, "पोरगी रांगायला लागली का रे?" दुसरा म्हणाला, "कालपासून. सगळं तोंडात घालते." आणि पुढच्या श्वासाला दोघे असे भिडले की एकाच्या टोपाचा पट्टा तुटून रेजिनाच्या पायाशी येऊन पडला.

विचारणारा तो डॉकर्सचा चौऱ्याण्णव नंबर, सिओने फालेतोगो. मोठ्या माणसांतही मोठा. कडेला येऊन पाणी प्यायचा तेव्हा कागदी पेला त्याच्या हातात अंगुस्तानाएवढा दिसायचा. बोटं दोन-दोन एकत्र पट्टीने बांधलेली. कुणी चुकून धक्का दिला तर तोच माफी मागायचा. पण समोरून धावत येणाऱ्याला तो हातांनी असा पकडायचा की वेग नावाची गोष्ट जगात नव्हतीच असं वाटावं. रेजिना वर्गात वर्षानुवर्षं सांगत आली होती, की गती नाहीशी होत नाही, कुठेतरी जातेच. ती कुठे जाते हे तिने सिओनेच्या पाठीत पाहिलं.

सीझन मात्र धड ना इकडचा, धड ना तिकडचा. पहिला सामना जिंकले, दुसरा हरले, तिसरा हरले, चौथा आणि पाचवा जिंकले, मग पुन्हा एक आड एक. मागची काठी धरणारा डेल पिओत्रोव्स्की, धंद्याने नळजोडणीवाला, म्हणायचा की ही टीम म्हणजे त्याच्या मेव्हण्याचा ट्रक आहे: एक दिवस सुरू होतो म्हणून विकत नाही आणि एक दिवस होत नाही म्हणून कुणी विकत घेत नाही. रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर बेकरीत, सलूनमध्ये, शाळेच्या शिक्षकखोलीत हेच. रेडिओवर फोन करणारे एका आठवड्यात प्रशिक्षकाचा पुतळा उभारायचे आणि पुढच्या आठवड्यात त्याला सरोवरात बुडवायचे. यापेक्षा सगळे सामने हरले असते तर बरं, असं म्हणणारेही होते. निदान मनाची तयारी झाली असती.

रेजिनालाही आधी तसंच वाटायचं. पण ती कडेला उभी होती, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत तिला ते वाटेनासं झालं. एकेका सामन्यात तिने तीस-चाळीस वेळा चिमटा लावला होता. सात जिंकले, सहा हरले, असे नुसते आकडे वाचणाऱ्याला वाटावं की ही माणसं अर्धवट मनाने खेळतात. अर्धवट असं तिला कुठे काहीच दिसलं नव्हतं. बरगडी मोडलेला माणूस श्वास आखडून परत जाताना तिने पाहिला होता. सामना केव्हाच हातचा गेलेला असताना, शेवटच्या मिनिटाला, कुणीही बघत नसताना, सिओने चाळीस यार्ड मागे धावत जाऊन एकाला पाडून आला होता. समोरचेही तसेच. सगळेच आपापलं सगळं ओतत होते, आणि दोन्हीकडून सगळं ओतलं की तराजू मधेच कुठेतरी थांबत होता. मध्यम म्हणतात ते असं तयार होतं, हे तिला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. चर्चमध्ये कधी गप्प व्हावं तशी ती त्या कडेला आतून गप्प झाली होती.

हे ज्याला सांगावं तो माणूस नव्हता. पूर्वी रविवारी संध्याकाळी सातला ती वडिलांना फोन करायची आणि ते सामन्याची बातमी हवामानासारखी सांगायचे, कोरडी. आता सात वाजले की ती स्वयंपाकघरातला दिवा लावायची आणि पोरांच्या वह्या तपासायला घ्यायची. एवढंच.

*

डिसेंबरचा शेवटचा रविवार. पंधरा सामने झाले होते, आठ जिंकलेले, सात हरलेले. सोळावा जिंकला तर डॉकर्स अकरा वर्षांनी बाद फेरीत जाणार होते. हरला तर सगळे घरी.

सकाळपासून सरोवराकडून भुरभुर बर्फ येत होतं. रेजिनाने मोजे भिजू नयेत म्हणून त्यांवर पावाच्या रिकाम्या पिशव्या चढवून बूट घातले, पोर्ट अलेनमध्ये सगळेच घालतात तशा. कडेला ओटिस पुढच्या काठीपाशी, डेल मागच्या, ती मधे. चौथा एक जण कितवा प्रयत्न चाललाय त्याची पाटी धरून. कर्मचारी दर थोड्या वेळाने फडे घेऊन मैदानावरच्या रेघा झाडून जात होते. डेल म्हणाला, की आज बायको त्याच्याशी सकाळपासून बोललेली नाही, जिंकलो तरच बोलणार आहे, आणि आता नेमकं काय व्हावं हे त्याला ठरवता येत नाही.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा डॉकर्सचे एकोणीस गुण होते, पाहुण्यांचे सतरा. चेंडू पाहुण्यांकडे. त्यांना आणखी थोडं पुढे येऊ दिलं तर ते लाथेने चेंडू खांबांमधून घालणार, तीन गुण मिळवणार आणि सामना नेणार. इथेच अडवले तर सीझन वाचणार होता.

पाहुण्यांनी नवे चार प्रयत्न मिळवले आणि साखळी पुढे सरकली. डेलने पंचांनी दाखवलेल्या जागी काठी रोवली, ओटिसनी साखळी ताणली, रेजिनाने वाकून चाळीस यार्डांच्या रेघेवर चिमटा लावला. त्या बाजूचे पंच ट्रॅव्हर्स नावाचे शिडशिडीत गृहस्थ होते. त्यांनी पुन्हा एकदा चेंडूकडे पाहिलं आणि म्हणाले, "डेल, वीतभर मागे." डेलने काठी वीतभर मागे घेतली आणि बुडाशी जमिनीवर खुणेची तबकडी ठेवली. पुढे ओटिसही तेवढेच मागे आले. आता चिमटा काढून पुन्हा रेघेवर लावायचा होता. रेजिना त्यासाठी वाकलीही. तेवढ्यात शिट्टी झाली, चेंडू सुटला, आणि चार माणसांचा एक गोळा थेट त्यांच्या अंगावर आला.

अशा वेळी काठ्या टाकून मागे पळायचं असतं. सगळे पळाले. रेजिना घसरून पडली. कुणाचा तरी गुडघा तिच्या कानाशेजारून गेला. उठून, बर्फ झटकून ती परत आली तोवर डेलने काठी तबकडीपाशी नीट उभी केली होती, साखळी ताणलेली होती, चिमटा साखळीवर होता. तिला सगळं जागच्या जागी दिसलं.

दुसरा प्रयत्न. तिसरा. मग चौथा आणि शेवटचा, आणि पाहुण्यांना हवा होता एक यार्ड. त्यांनी आपल्यातल्या सगळ्यात दणकट माणसाच्या हाती चेंडू दिला. तो मधून घुसला आणि सिओनेने त्याला छातीवर घेतला. दोघे क्षणभर उभेच राहिले, मिठी मारल्यासारखे. मग त्यांच्यावर बाकीचे कोसळले.

पंचांनी ढीग उपसला. चेंडू जिथे होता तिथे ठेवला. आणि दोन्ही हात हवेत एकमेकांपासून लांब नेऊन खूण केली: मोजा.

सत्तर हजार माणसं गप्प झाली. रेजिनाने एवढी मोठी शांतता कधी ऐकली नव्हती. झेंड्यांच्या दोऱ्या खांबांवर वाजत होत्या त्या ऐकू आल्या. सगळीकडून, वरून खालून, सगळी माणसं एका साखळीकडे बघत होती. ट्रॅव्हर्सनी चिमटा धरला, डेल आणि ओटिस काठ्या घेऊन त्यांच्यामागे मैदानात गेले. नियमाप्रमाणे रेजिना कडेलाच राहिली.

तिने खाली पाहिलं.

साखळी पडून होती तिथे पातळ बर्फात तिचा ठसा उमटला होता, कडी कडी मोजता येईल इतका स्वच्छ. मधे एका ठिकाणी चिमट्याचा चौकोनी खड्डा होता. चाळीसची रेघ कडेपर्यंत झाडलेली होती, हिरव्यावर पांढरी. आणि चिमट्याचा खड्डा त्या रेघेवर नव्हता. वीतभर मागे होता.

आपण चिमटा परत लावलाच नाही, हे तिला तेव्हा कळलं. हिशेब करायलाही वेळ लागला नाही. तो चिमटा आता रेघेवर टेकवला की अख्खी साखळी वीतभर पुढे जाणार. पाहुण्यांना दहा यार्डांवर वीतभर जास्त चालावं लागणार.

मैदानात ओटिसनी साखळी ताणून काठी उभी केली. चेंडूचं टोक काठीच्या अलीकडे होतं. जवळजवळ वीतभर अलीकडे. वरच्या बाकांवरूनही दिसेल एवढी फट.

मग जो आवाज झाला तो तिच्या दातांत शिरला. लोक एकमेकांवर पडत होते. पहिल्या रांगेतला एक म्हातारा कठड्यावर कपाळ टेकून रडत होता. मैदानात सिओने गुडघ्यांवर बसला होता आणि त्याचे सोबती त्याच्या पाठीवर थापा मारत होते. तो स्वतः मात्र आपल्या तळव्यांकडे बघत होता.

भुरभुर चालूच होती. रेजिनाच्या पायाशी चिमट्याच्या खड्ड्यात नवे कण पडत होते. आणखी अर्ध्या मिनिटात तो दिसला नसता. बूट चार बोटं सरकवला असता तर आत्ताच दिसला नसता. तिच्याखेरीज कुणी पाहिला नव्हता. त्या क्षणी वडील आठवले असते तर सोपं गेलं असतं. पण ते आठवले नाहीत. त्यांचा चेहरा आणायचा म्हटलं तरी येईना. ती जागा होती, तो खड्डा होता, आणि ती होती. मुख्य पंच निकालाची खूण करायला वळत होते.

बोलावल्याशिवाय साखळीवाल्याने पांढरी कडा ओलांडायची नसते. रेजिनाने ती ओलांडली. ती धावत होती हे तिला ट्रॅव्हर्सपाशी पोचल्यावर कळलं.

"चिमटा चुकलाय," ती म्हणाली. "काठी मागे घेतल्यावर मी तो परत लावला नाही. चूक माझी आहे."

ट्रॅव्हर्सनी तिच्याकडे पाहिलं. "किती?"

"वीतभर."

"कुणाच्या विरुद्ध?"

"चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांच्या."

ट्रॅव्हर्सनी मुख्य पंचांना हात केला, दोघे दोन वाक्यं बोलले आणि मग डेलकडे वळले. काठी मागे घेतल्यानंतर जी तबकडी ठेवली होती ती मधल्या पळापळीत हलली का, असं त्यांनी विचारलं. सगळं आता डेलवर आलं. हलली असेल, सांगता येत नाही, एवढं जरी तो म्हणाला असता तरी विषय संपला असता आणि पहिली मोजणी राहिली असती. डेल चाळीस वर्षं डॉकर्सचा चाहता होता. मुलाचं नाव त्याने एका डॉकरवरून ठेवलं होतं. त्याने नाक पुसलं.

"नाही," तो म्हणाला. "खाली टाचेने दाबून ठेवली होती. तिथेच आहे."

साखळी पुन्हा कडेला आली. काठी तबकडीपाशी उभी राहिली. रेजिनाने हातमोजा काढला आणि उघड्या बोटांनी चिमटा लावला, रेघेवर, नेमका, आणि ट्रॅव्हर्सनी वाकून तो पाहिला. वर लोकांना काय चाललंय हे कळत नव्हतं. आवाज हळूहळू विरत गेला, जशी चहूकडून कुणी मूठ आवळावी. साखळी दुसऱ्यांदा मैदानात गेली. ओटिसनी ती ताणली. नेहमीसारखी, एका झटक्यात. रेजिनाने नंतर कितीतरी वेळा तेच आठवलं.

चेंडूचं टोक काठीच्या पुढे होतं. अंगठ्याच्या नखाएवढं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुणे आणखी थोडे सरकले, घड्याळ संपत आलं, चेंडू खांबांमधून गेला. वीस विरुद्ध एकोणीस. आठ जिंकले, आठ हरले.

*

स्टेडियमखालच्या बोगद्यात सामान ठेवायची लोखंडी कपाटं आहेत. तिथे तिघे साखळी पुसत होते. ओली ठेवली तर गंजते. बाहेर लोक जात होते. शिव्याही नव्हत्या, नुसती पावलं.

डेल म्हणाला, "घरी गेलो की ती विचारणार, काय झालं. मी सांगणार, मास्तरीणबाईंनी पेपर परत तपासला."

"डेल," ओटिस म्हणाले.

"नाही, मी म्हणतोय, पोरं पास झाली होती. बाईंनी गुण परत मोजले."

रेजिनाने पुसायचं फडकं पिळलं. तिने ओटिसना सांगितलं, की अहवालात चूक तिच्या नावाने लिहावी, आणि ऑगस्टसाठी त्यांनी दुसरं कुणी बघितलं तर तिला समजेल. एक सीझन असंच ठरलं होतं. आवाज नीट राहावा म्हणून ती सावकाश बोलली. "एकतीस वर्षांत बाबांकडून असं झालं नाही. मी सोळाव्या सामन्यात केलं."

ओटिस कपाटाच्या कडेवर बसले. त्यांचे गुडघे थंडीत धरायचे. "कोण म्हणालं, झालं नाही?"

"झालं होतं?"

"सात वेळा. आठ असेल. एकदा तर एका सामन्यात दोनदा, तुझी आई आजारी होती त्या वर्षी. एकदा बरोब्बर आजच्यासारखं, काठी सरकली आणि चिमटा राहिला."

रेजिनाने त्यांच्याकडे पाहिलं. टपालाची पिशवी, इस्त्रीचा सदरा, फोनवरचा तो कोरडा आवाज. त्या आवाजात तिने कधी चूक ऐकली नव्हती. "मला कधी बोलले नाहीत."

"तुला कशाला बोलेल? आम्हाला बोलायचा. पंचांना बोलायचा." ओटिस साखळीची कडी बोटांवर फिरवत राहिले. "त्यातली एकही आम्ही पकडलेली नाही, पोरी. सगळ्या त्यानेच सांगितल्या. म्हणून तर मला आकडा माहीत आहे."

कुठेतरी लोखंडी दार आपटलं. रेजिना उभी होती तशीच उभी राहिली. आठ महिने तिने ज्यांना सांभाळून ठेवलं होतं ते वडील न चुकणारे होते, आणि ते आता तिच्यासमोर थोडे मागे सरकले. त्यांच्या जागी एक माणूस आला, पडवीत बूट काढणारा, आईच्या आजारात रात्र रात्र जागलेला, सत्तर हजारांसमोर पांढरी कडा ओलांडून जाणारा. एकदा नव्हे. सात वेळा, आठ वेळा. प्रत्येक वेळी तोही असाच एकटा गेला असेल. तिला आजपर्यंत कुठल्याच गोष्टीचं इतकं नवल वाटलं नव्हतं.

"ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी सरावसामना आहे," ओटिस म्हणाले. "साडेअकराला ये. आणि बूट दुसरे घे, घसरतेस."

डेल साखळी पिशवीत भरत होता. पिशवीचं तोंड त्याने रेजिनाच्या बाजूला धरलं, चिमटा तिने ठेवावा म्हणून.

तेवढ्यात बोगद्यात सावली पडली. सिओने फालेतोगो होता. अंगावर साधा स्वेटर, खांद्याला बर्फाची पिशवी बांधलेली, केस ओले. खेळाडू या बाजूला येत नाहीत. डेल उठून उभा राहिला. रेजिनाने मनाशी तयारी केली. काय ऐकावं लागेल ते ऐकायचं, इतकंच.

"धावत आलात त्या तुम्ही ना?" त्याने विचारलं.

"हो."

"किती होतं? दुसऱ्यांदा?"

तिने अंगठा आणि तर्जनी वर धरली, मधे नखाएवढी फट ठेवून. सिओने वाकून पाहत राहिला. मग त्याने आपलं बांधलेलं बोट त्या फटीत घालून पाहिलं. ते मावलं नाही.

"तो गडी माझ्या हातात होता," तो म्हणाला. "तेव्हाच मला कळलं होतं, हा पोचला. हातांना कळतं. मग तुम्ही मोजलंत आणि वीतभर कमी आलं. सगळे मला उचलत होते आणि मी विचार करत होतो, माझे हात खोटं कधीपासून बोलायला लागले." त्याने तळवे एकमेकांवर घासले. "हरल्याचं वाईट वाटतंय. खूप वाटतंय. पण हात बरोबर होते."

त्याने मान हलवली, ओटिसना मिस्टर ग्रीनली म्हणून नाताळच्या उशिरा शुभेच्छा दिल्या, आणि दाराची चौकट लागू नये म्हणून वाकून बाहेर गेला.

तिघे त्या दाराकडे बघत राहिले. बर्फाच्या पिशवीतून गळलेलं पाणी फरशीवर थेंब थेंब पडलं होतं, ओळीने, पार दारापर्यंत. रेजिनाचा हात अजून तसाच हवेत होता, बोटांमधली फट धरून.

"मास्तरीणबाई," डेल म्हणाला, "हात खाली घ्या आता. सीझन संपला."